परदेशी पेढीची ओळख : चिनी कंपनी-नोंदी पाहण्याचे साधन

(लघुउद्योजक, शासकीय अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या एका शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



शेतजमिनीचा व्यवहार करावयाचा झाला की आपल्याकडील माणूस सर्वप्रथम सात-बाराचा उतारा काढतो. गट क्रमांक जुळतो का, खातेदार म्हणून नाव कोणाचे आहे, इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे का, हे तो पाहतो आणि मगच इसाराची रक्कम हातात ठेवतो. ही सवय कोणी शाळेत शिकविलेली नाही. ठेचा खाऊन ती आली आहे. परंतु तोच माणूस, किंवा त्याचा शिकलेला मुलगा, समुद्रापलीकडील एखाद्या कारखान्याकडून यंत्र मागवावयास निघतो तेव्हा एक रंगीत माहितीपत्रक, एक इंग्रजी नाव आणि भ्रमणध्वनीवरील गोड संभाषण एवढ्यावर विसंबून किमतीच्या तीस टक्के रक्कम आगाऊ पाठवून मोकळा होतो. चीनमध्येही असा उतारा निघतो, तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो आणि तो काढून देणाऱ्या संगणकीय आज्ञावल्याही आज उपलब्ध आहेत, याची त्याला कल्पनाच नसते. हा उतारा काढावा कसा आणि विशेषतः वाचावा कसा, यासंबंधी आज बोलावयाचे आहे.

प्रथम नोंदवहीविषयी. चीनमध्ये कंपन्यांची नोंदणी बाजार नियमन प्रशासनाकडे होते. हे राष्ट्रीय प्रशासन २०१८ साली स्थापन झाले. तत्पूर्वी हे काम उद्योग व वाणिज्य प्रशासनाकडे होते. २०१४ सालापर्यंत प्रत्येक कंपनीला आपले कागद घेऊन दरवर्षी अधिकाऱ्यांपुढे तपासणीसाठी उभे राहावे लागे. त्या वर्षी ही वार्षिक तपासणी बंद करण्यात आली आणि तिच्या जागी वार्षिक अहवालाची पद्धत आली. दरवर्षी १ जानेवारी ते ३० जून या काळात कंपनीने मागील वर्षाचा अहवाल स्वतः भरावयाचा आणि तो जाहीर व्हावयाचा, असा नियम झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून उद्योगसंस्थांची माहिती प्रसिद्ध करण्यासंबंधीचे विनियम अमलात आले. शासनाने दारावरचा पहारा कमी केला आणि त्याऐवजी घराच्या भिंती काचेच्या केल्या, असे या बदलाचे वर्णन करता येईल. या काचेतून पाहण्याची शासकीय जागा म्हणजे ‘राष्ट्रीय उद्योगसंस्था पत-माहिती प्रसिद्धी प्रणाली’. २०२३ अखेर त्या देशात नोंदलेल्या लहानमोठ्या व्यवसायांची संख्या सुमारे १८ कोटी ४० लाख होती, त्यांपैकी उद्योगसंस्था सुमारे ५ कोटी ८० लाख. एवढ्या गर्दीत आपला माणूस शोधावयाचा आहे.

आणि येथेच पहिली अडचण उभी राहते, ती नावाची. चीनच्या मुख्य भूमीवर कंपनीची नोंद होते ती केवळ चिनी नावाने. माहितीपत्रकावर छापलेले इंग्रजी नाव नोंदणी कार्यालयाच्या दृष्टीने नावच नव्हे. ते कंपनीने स्वतःच्या सोयीने घेतलेले असते, उद्या बदलले तरी नोंदणी कार्यालयात त्याची दखल नाही. ते इंग्रजी नाव रोमन अक्षरांवरून पुन्हा चिनी लिपीत आणण्याचा प्रयत्न तर व्यर्थच होय, कारण एकाच रोमन स्पेलिंगची अनेक चिनी अक्षरे असतात. आपल्याकडेही रोमन लिपीत लिहिलेले एखादे आडनाव पाहून ते काळे की काले हे परक्या माणसाला सांगता येत नाही. चिनी भाषेत हा घोळ कित्येक पटींनी अधिक आहे.

चिनी नावाची घडण मात्र ठरलेली आहे. आरंभी प्रदेशाचे किंवा शहराचे नाव, मग पेढीचे खास नाव, मग धंद्याचा प्रकार आणि शेवटी ‘मर्यादित कंपनी’ यासारखा स्वरूपदर्शक शब्द, असा सामान्यतः क्रम असतो. एकाच शहरात, एकाच धंद्यात तेच खास नाव दुसऱ्यास सहसा मिळत नाही. पण शेजारच्या शहरात किंवा वेगळ्या धंद्यात ते मिळू शकते. म्हणून नुसते खास नाव जुळले म्हणजे कंपनी तीच, असे समजणे म्हणजे ‘पाटील’ एवढ्याच पत्त्यावर मनीऑर्डर पाठविण्यासारखे आहे.

या घोळातून सोडविणारी वस्तू म्हणजे अठरा अक्षरांकांचा क्रमांक. १ ऑक्टोबर २०१५ पासून व्यवसायाची अनुज्ञप्ती, संस्था-संकेतांकाचे प्रमाणपत्र आणि करनोंदणीचे प्रमाणपत्र या तीन कागदांऐवजी एकच कागद आणि एकच क्रमांक देण्यास देशभर प्रारंभ झाला. पुढील वर्षी सामाजिक विमा व सांख्यिकी यांच्या नोंदीही त्यातच मिळविण्यात आल्या. या क्रमांकाचे शासकीय नाव ‘एकीकृत सामाजिक पत संकेतांक’ असे आहे. नावातील ‘सामाजिक पत’ या शब्दांनी बिचकण्याचे कारण नाही. चीनमध्ये नागरिकांना वर्तणुकीचे गुण देतात अशा वार्ता आपण वाचलेल्या असतात. त्यांच्याशी या क्रमांकाचा संबंध नाही. हा गुणांक नव्हे, ओळख क्रमांक होय. आपल्याकडील जीएसटी क्रमांकाचा तो नातेवाईक म्हणावा. महाराष्ट्रातील व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातील ३० ने, त्यापुढे पॅन येतो आणि शेवटचे अक्षर पडताळणीचे असते. चिनी क्रमांकही असाच बोलका आहे.

प्रत्यक्ष उदाहरणच घेऊ. हुआवे ही दूरसंचार साहित्याची कंपनी आपणां सर्वांना ठाऊक आहे. तिचा क्रमांक ९१४४०३००१९२२०३८२१६ असा आहे. पहिला अंक ९ हा सांगतो की नोंद बाजार नियमन प्रशासनाकडील आहे. दुसरा अंक १ म्हणजे उद्योगसंस्था. येथे २ असता तर तो एकट्याच्या नावावर चालणारा वैयक्तिक धंदा ठरला असता, ३ असता तर शेतकऱ्यांची सहकारी संस्था. पुढील सहा अंक ४४०३०० हे शेनझेन शहराचे. त्यांतील ४४ म्हणजे ग्वांगडाँग प्रांत. त्यानंतरची नऊ स्थाने संस्थेच्या स्वतःच्या संकेतांकाची, आणि अखेरचा ६ हा पडताळणीचा अंक.

यावरून काय काय कळते पाहा. यीवू येथील प्रचंड घाऊक बाजारात मुंबईचे अनेक व्यापारी जातात. तेथील एखादा विक्रेता ‘आमचा कारखाना आहे’ असे सांगत असेल आणि त्याचा क्रमांक ९२ ने सुरू होत असेल, तर आपली गाठ कंपनीशी नसून एका धंदेवाईक व्यक्तीशी आहे, हे कोणताही संगणक न उघडता कळले. यात वाईट काही नाही. पण कोणाशी करार करतो आहोत हे ठाऊक असावे. तसेच नवव्या व दहाव्या स्थानी ‘एम’ आणि ‘ए’ ही रोमन अक्षरे असली, तर ती कंपनी सामान्यतः नवी पद्धत सुरू झाल्यानंतर, म्हणजे २०१५च्या सुमारास किंवा पुढे नोंदलेली असते. जिच्या क्रमांकात ही अक्षरे आहेत तिच्या माहितीपत्रकावर ‘तीस वर्षांचा अनुभव’ असे छापले असेल, तर तो अनुभव कोणाचा, हे विचारण्यास हरकत नसावी. कंपनीने पुढे गाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. म्हणून त्यातील प्रदेशाचे अंक जन्मगाव दर्शवितात, राहते घर नव्हे.

समोर शिक्षकमंडळी आहेत म्हणून पडताळणीच्या अंकाचे गणितही सांगतो. आठवी-नववीच्या मुलांना ते फळ्यावर सहज करून दाखविता येईल. क्रमांकात दहा अंक आणि रोमन वर्णमालेतील एकवीस अक्षरे मिळून ३१ चिन्हे वापरतात. आय, ओ, एस, व्ही आणि झेड ही पाच अक्षरे वगळली आहेत, कारण ती इतर अंकांशी वा अक्षरांशी गोंधळण्याचा संभव असतो. पहिल्या सतरा स्थानांना अनुक्रमे १, ३, ९, २७ अशी तिपटीने वाढत जाणारी वजने द्यावयाची. गुणाकार ३१ च्या वर गेला की ३१ ने भागून बाकी घ्यावयाची, म्हणजे ८१ ऐवजी १९, मग ५७ ऐवजी २६, याप्रमाणे. प्रत्येक अंकास त्याच्या वजनाने गुणून बेरीज करावी. हुआवेच्या क्रमांकाची बेरीज ८३१ येते. तिला ३१ ने भागल्यास बाकी २५ उरते. ३१ मधून २५ गेले, राहिले ६. शेवटचा अंक ६ च आहे. आता नकलणाऱ्याच्या हातून सोळावा व सतरावा अंक उलटसुलट झाले, २१ ऐवजी १२ लिहिले गेले असे समजा. बेरीज ८२९ होते, बाकी २३, आणि पडताळणीचा अंक ८ यावयास हवा होता असे निघते. चूक सापडली! ३१ ही मूळ संख्या असल्यामुळे एखादे चिन्ह चुकले किंवा शेजारची दोन भिन्न चिन्हे आपसांत बदलली, तर ही रीत ते हमखास पकडते.

तथापि या गणिताची मर्यादाही लगेच सांगितली पाहिजे. क्रमांक गणितात बसतो याचा अर्थ तो लिहिताना चूक झाली नाही, एवढाच. हे गणित ज्याला येते त्या लबाडालाही बसणारा क्रमांक रचता येतो. म्हणून खरी परीक्षा नोंदवहीतच.

आता साधनाकडे वळू. कंपनीच्या नोंदी शोधून देणाऱ्या आज्ञावल्या बहुतेक एकाच मार्गाने चालतात. आपण नाव किंवा क्रमांक दिला की ती प्रथम वरील गणित करून पाहते. न बसणारा क्रमांक तेथल्या तेथे परत येतो. बसला तर ती एखाद्या माहितीसाठ्याकडे विचारणा करते, आलेल्या चिनी मजकुरातील रकाने वेगळे करते आणि आपल्याला समजेल अशा भाषेत मांडते. प्रश्न हा की, तो माहितीसाठा कोणाचा? शासकीय प्रणालीचा मजकूर चिनी भाषेत आहे, आणि परदेशातून ती नेहमीच सुरळीत उघडते असे नाही. त्यामुळे पुष्कळशा आज्ञावल्या थ्येनयेनछा किंवा छीछाछा यांसारख्या खासगी सेवांवर विसंबतात. या सेवा शासकीय नोंदी, न्यायालयांचे निर्णय, व्यापारचिन्हे इत्यादी माहिती गोळा करून एकत्र दाखवितात; भागधारकांची साखळीही आकृती काढून दाखवितात. काम मोठे उपयुक्त आहे. परंतु ती नक्कल आहे, मूळ नव्हे, आणि नक्कल कोणत्या दिवसाची हे विचारावेच लागते. शिवाय २०२३ मध्ये परदेशांतील अनेक ग्राहकांना यांपैकी काही सेवा बंद झाल्याचे आढळले; तेव्हा एकाच खिडकीवर अवलंबून राहणे बरे नव्हे.

नकलेच्या धोक्याचे एक गाजलेले उदाहरण आहे. २०१९च्या मे महिन्यात छीछाछा या सेवेने आपल्या ग्राहकांना अशी सूचना पाठविली की, अलिबाबाशी संबंधित अँट समूहातील चुंगचिंग येथील लघुकर्ज कंपनीच्या विसर्जनाविषयी नोंद झाली आहे. वृत्तपत्रांनी ती उचलली आणि कंपनी बंद पडत असल्याचा गवगवा झाला. वस्तुतः ती २०१४ मधील जुनी नोंद होती. नव्या बातमीच्या वेषात ती बाहेर पडली. प्रकरण हांगझाऊच्या न्यायालयात गेले आणि २०२० मध्ये सेवा चालविणाऱ्या कंपनीस ६ लाख युआन भरपाई देण्याचा आदेश झाला. मूळ नोंद खोटी नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. नुकसान केले ते तारखेच्या घोटाळ्याने. त्यामुळे आज्ञावली निवडताना ती किती रकाने दाखविते यापेक्षा प्रत्येक माहितीशेजारी तिची तारीख व उगम दाखविते की नाही, याकडे मी अधिक लक्ष देईन. तारीख न सांगणारा उतारा कितीही सुबक छापलेला असला तरी माझ्या मते तो बाजूस ठेवावा.

उतारा हाती आल्यावर त्यात काय वाचावे? पत्ता, स्थापनेची तारीख, कायदेशीर प्रतिनिधी, धंद्याची व्याप्ती हे रकाने सरळ आहेत. दोन रकान्यांवर मात्र थांबावे लागते.

पहिला रकाना स्थितीचा. कंपनी चालू असेल तर प्रश्न नाही. पण बंद असण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि यांत्रिक भाषांतरात दोन्हींसाठी कधी कधी ‘रद्द’ असा एकच शब्द येतो. एका प्रकारात शासनाने दंड म्हणून अनुज्ञप्ती काढून घेतलेली असते. अशा कंपनीला धंदा करता येत नाही, पण तिचे कायदेशीर अस्तित्व संपलेले नसते. देणी भागवून, हिशेब मिटवून मग तिने नोंद काढावयाची असते. दुसऱ्या प्रकारात नोंदच विधिपूर्वक मिटविलेली असते, म्हणजे ती कंपनी उरलेलीच नाही. पहिलीकडून येणे वसूल करण्याची थोडी तरी आशा धरता येते. दुसरीच्या बाबतीत दाद मागावी तरी कोणाविरुद्ध, असा प्रश्न पडतो. याखेरीज ‘असाधारण व्यवहारांची यादी’ असते. वार्षिक अहवाल वेळेवर न भरणारी, माहिती लपविणारी किंवा नोंदलेल्या पत्त्यावर न सापडणारी कंपनी या यादीत जाते. त्रुटी दूर केली की नाव काढलेही जाते. तेव्हा नाव यादीत का गेले, हे पाहावे. अहवालास झालेला उशीर समजून घेता येईल. पत्त्यावर कंपनीच न सापडणे हे मात्र इसार पाठवू पाहणाऱ्यास पुरेसे बोलके आहे.

दुसरा रकाना नोंदणीकृत भांडवलाचा. येथे फार माणसे फसतात. १ मार्च २०१४ पासून बहुतेक धंद्यांत भांडवल प्रत्यक्ष भरल्याचा दाखला आरंभी देण्याची अट राहिली नाही. अमुक इतकी रक्कम भरू, असे भागधारकांनी कबूल केले की तो आकडा नोंदला जाई, आणि भरण्याची मुदतही तेच ठरवीत. परिणामी कोट्यवधी युआनचा आकडा मिरविणाऱ्या, पण तिजोरीत फारसे काही नसलेल्या कंपन्या निघाल्या. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या सुधारित कंपनी कायद्याने मर्यादित कंपन्यांच्या भागधारकांना कबूल केलेले भांडवल स्थापनेपासून पाच वर्षांच्या आत भरण्याचे बंधन घातले आणि जुन्या कंपन्यांना जुळवून घेण्यासाठी काही अवधी दिला. म्हणून ‘कबूल केलेले’ आणि ‘भरलेले’ हे दोन आकडे वेगळे वाचावेत. लग्नाच्या बैठकीत कबूल केलेले आणि प्रत्यक्ष दिलेले यांत जे अंतर पडते, ते आपल्याला नवीन नाही.

अधिकारी मंडळींसाठी एक गोष्ट ओघात सांगतो. २०२०च्या जुलैमध्ये केंद्र शासनाने सामान्य वित्तीय नियमांन्वये आदेश काढून, भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील निविदाकारांना सार्वजनिक खरेदीत भाग घेण्यापूर्वी सक्षम प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक केली. त्यात कंपनी कोठे नोंदली आहे एवढेच न पाहता तिचा खरा लाभधारक मालक कोण, हा प्रश्न आला. अशा वेळी भागधारकांची साखळी दाखविणारा उतारा कामास येतो. पण आज्ञावलीने काढलेली आकृती हा शोधाचा आरंभ समजावा, फायलीवरील पुरावा म्हणून ती पुरेशी मानू नये. सात-बारावर नाव आहे म्हणून मालकी निर्विवाद सिद्ध झाली, असे आपले न्यायालय तरी कोठे मानते?

आता हे सारे एका व्यवहारात कसे उतरवावयाचे ते पाहू. समजा, इचलकरंजीच्या एखाद्या यंत्रमागधारकास चीनहून माग मागवावयाचा आहे. बीजक आले, इसार मागितला गेला. त्याने प्रथम विक्रेत्याकडून व्यवसाय-अनुज्ञप्तीची प्रत मागवावी. हा कागद चिनी भाषेत असतो, त्यावर अठरा स्थानांचा क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. कोडावर भ्रमणध्वनी धरून समाधान मानू नये. प्रतच बनावट असेल तर कोडही बनावट पानाकडे नेईल. क्रमांक आपल्या हाताने आज्ञावलीत घालावा. आलेल्या उताऱ्यातील चिनी नाव अनुज्ञप्तीवरील नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. चिनी येत नसले तरी आकृती जुळते की नाही हे डोळ्यांना कळते. आपल्या आज्या अंगठा उठवीत, पण नोट खरी की खोटी हे त्यांना कळत असे. मग तेच नाव करारावरील लाल गोल शिक्क्यात आहे का ते पाहावे. इंग्रजी नाव आणि सही एवढ्यावरच करार असेल, तर शिक्क्याचा आग्रह धरावा.

सर्वांत शेवटी आणि सर्वांत काळजीने पाहावयाचे ते बँक खात्याचे नाव. कंपनीचे खाते कोणते, हे नोंदवही सांगत नाही. कोणतीही आज्ञावली ते सांगू शकणार नाही. पण खातेदाराचे नाव नोंदलेल्या कंपनीचेच आहे का, हे विचारता येते. पुष्कळदा कारखाना मुख्य भूमीवर आणि पैसे हाँगकाँगमधील कंपनीच्या खात्यात, असा प्रकार दिसतो. हाँगकाँगची नोंदवही पूर्णपणे वेगळी आहे. तेथे इंग्रजी नावाने कंपनी नोंदता येते, तिचा क्रमांक निराळा असतो आणि मुख्य भूमीच्या प्रणालीत ती सापडत नाही. दोन्ही कंपन्यांचे इंग्रजी नाव सारखे असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्या दोन व्यक्ती होत. अशी व्यवस्था करण्यास रास्त कारणेही असू शकतात. मात्र त्या वेळी दुसऱ्या कंपनीचा उतारा हाँगकाँगच्या कंपनी निबंधकाकडून वेगळा काढावा आणि माल देण्याची व पैसे परत करण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहून घ्यावे. व्यवहार चालू असताना ‘आमचे खाते बदलले आहे’ असे पत्र संगणकावर आले, तर त्या पत्रातील दूरध्वनी क्रमांकावर चौकशी न करता पूर्वीपासून आपल्याजवळ असलेल्या क्रमांकावर बोलावे.

काढलेल्या उताऱ्यावर त्या दिवसाची तारीख घालून तो बीजकाला जोडून ठेवावा. उरलेली सत्तर टक्के रक्कम माल जहाजावर चढविताना द्यावयाची असते आणि मधे दोन-तीन महिने गेलेले असतात. त्यामुळे ती रक्कम पाठविण्याच्या आदल्या दिवशी उतारा पुन्हा काढावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून स्थिती, पत्ता व कायदेशीर प्रतिनिधी या तीन रकान्यांत काही बदल झाला आहे का, ते पाहावे.